मणी तेच, गाठ वेगळी

वैजयंती कणसेच्या स्वयंपाकघरात गेली दोन वर्षं जवळजवळ रोज कढई तापत होती, आणि तरीही तिथे तळलेल्या एकाही घासाची रक्तात साखर होत नव्हती. ही गोष्ट घरात एकट्या वैजयंतीला ठाऊक होती. घरात माणसं तरी किती? दोन. म्हणजे दुसऱ्याला ठाऊक नव्हती, आणि ते सगळं त्या दुसऱ्याच्याच ताटात पडत होतं.

दुसरे म्हणजे उदयकुमार कणसे, कराडच्या एका शाळेतले निवृत्त पी.टी. शिक्षक. सगळं गाव त्यांना 'सर' म्हणे. माणूस सरळ, तोंडावर बोलणारा, मुलांना उन्हात पळवणारा आणि स्वतः त्यांच्यापुढे पळणारा. जीव मात्र तळणावर. बटाटेवडा, कांदाभजी, तिखटमिठाच्या पुऱ्या यांचं नाव काढलं की सरांचा कडक चेहरा एकदम शाळकरी होऊन जायचा.

२०३८ साली त्यांची शुगर तीनशे ऐंशी निघाली आणि तळपायाची जखम महिना झाला तरी भरेना. डॉक्टरांनी भात, बटाटा, बेसन, मैदा, गूळ, साखर असं सगळं एका दमात बंद केलं. वैजयंती कंबर कसून कामाला लागली. तिने फुलकोबी वाफवून वडे केले, ते कढईत विरघळले. बदामाच्या पिठाची भजी केली, ती सरांनी 'औषधाची गोळी तळलीस का?' म्हणून बाजूला सारली. अळशी कुटून पुऱ्या लाटल्या, त्यांचा रंग पाहूनच तिला स्वतःला रडू आलं. सरांनी शेवटी हात जोडले.

"वैजू, मला आजारी समजून खेळणी देऊ नकोस. खायचं तर खरं खाईन, नाहीतर उपाशी राहीन. खोटं माझ्या ताटात नको."

आणि खरोखरच त्यांनी जेवण सोडल्यासारखं केलं. पानावर बसायचे, काकडीच्या चकत्या इकडून तिकडे सारायचे आणि उठायचे. एका सकाळी ते फिरायला म्हणून बूट घालून बसले आणि नाड्या न बांधता तासभर तसेच बसून राहिले. वैजयंती दारातून बघत होती. छत्तीस वर्षांच्या संसारात तिला तेवढी भीती कधीच वाटली नव्हती.

त्याच आठवड्यात तिने 'निर्मोही' घेतली.

नाव कंपनीनं ठेवलेलं. दिसायला पाव भाजण्याच्या पेटीएवढी, पांढरी, पुढे एक काच. आतलं काम मात्र अजब होतं. पीठ म्हणजे तरी काय? ग्लुकोजचे मणी ओवलेल्या लांबच लांब माळा. आपल्या लाळेत आणि पोटातल्या रसांत जणू कात्र्या असतात. त्या दोन मण्यांमधली एका ठरावीक प्रकारची गाठ कापतात, मणी सुटे होतात आणि रक्तात जाऊन साखर वाढवतात. गवतातही तेच मणी असतात, पण गाठ वेगळ्या तऱ्हेची असते, म्हणून आपण गवत खाऊन जगू शकत नाही. 'निर्मोही'त पीठ किंवा उकडलेला बटाटा ठेवला की आत वाफ भरायची, त्या वाफेबरोबर बुरशीपासून काढलेली विकरं मिसळायची आणि चाळीस मिनिटांत त्या माळांच्या गाठी सोडवून दुसऱ्या तऱ्हेनं बांधून टाकायची. मणी तेच, गाठ वेगळी. वास तोच, चव तीच, तेलात फुगणं आणि दाताखाली कुरकुरणं तेच. पोटातल्या कात्र्यांना मात्र ती गाठ कापता येत नसे आणि घास आतून फिरून तसाच बाहेर पडे. साखर आणि गूळही त्याच कंपनीचे मिळत. जिभेला ते गोड लागत, पण शरीर त्यांना विचारत नसे.

सरांना तिने सांगितलं, ही पेटी पिठात किडे होऊ नयेत म्हणून आणलीय.

पहिला वडा त्यांनी डोळे मिटून खाल्ला. मग दुसरा, मग तिसरा. दंडावर कुंकवाच्या टिकलीएवढा साखर मोजणारा पापुद्रा चिकटवलेला असे, त्यालाही सगळे टिकलीच म्हणत. तासाभराने त्या टिकलीवर आकडा आला एकशे अठरा. सर उठून उभेच राहिले.

"बघितलंस? सकाळी सहा किलोमीटर चाललो, त्याचा हा परिणाम!"

तेव्हाच बोलली असती तर सगळं तिथल्या तिथं निस्तरलं असतं. पण सर लगेच खाली वाकले आणि उद्यासाठी बुटांच्या नाड्या नीट करू लागले, आणि वैजयंतीनं तोंड मिटलं.

पुढं ते मिटलेलंच राहिलं. सरांची जखम भरली, गोळ्या निम्म्यावर आल्या, आणि वैजयंतीचं घराबाहेर पडणं बंद झालं. ती दोन दिवस कुठे गेली तर सर बाहेरचं खरं तळलेलं खातील, आणि बिनधास्त खातील, ही धास्ती. लग्नाकार्यात ती काहीतरी निमित्त काढून जेवणाआधीच त्यांना घरी आणायची. बंगळूरला मुलीचं बाळंतपण झालं, त्यालाही ती गेली नाही. गुडघे धरलेत म्हणून सांगितलं. नातू आता आठ महिन्यांचा झाला होता आणि तिने त्याला फक्त पडद्यावर पाहिलं होतं. मुलगी फोनवर तुटक बोलायची. तिचं चुकत नव्हतं.

सर मात्र नव्यानं सर झाले होते. घाटावर रोज सकाळी सात निवृत्त माणसं त्यांच्यामागे चालत. चालून झालं की सर दगडी पायरीवर उभे राहून सांगत, "तळलेलं सोडायचं नाही, चालणं सोडायचं नाही. माझ्याकडे बघा." आणि बाही वर करून आकडा दाखवत.

आषाढ लागला त्याच्या आदल्या आठवड्यात ते फिरून आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"भणग्याचं ऐकलंस का? उजव्या पायाची दोन बोटं काढली त्याची."

भणगे म्हणजे निवृत्त एसटी ड्रायव्हर, सरांसारखाच मधुमेही, सरांच्या मागे सगळ्यात निष्ठेने चालणारा माणूस. वैजयंतीच्या हातातलं लाटणं थांबलं.

"अहो, असं कसं झालं? काय खात होते भावजी?"

"मी खातो तेच. मीच सांगितलं होतं, वडा खा, भजी खा, घाबरू नकोस. पण पठ्ठ्या मन लावून चालायचाच नाही. टाच आधी टेकव म्हणून किती वेळा सांगितलं त्याला."

तिला वाटलं, आत्ता सांगावं. ही पेटी उघडून पुढ्यात ठेवावी. पण सर टॉवेलने मान पुसत गुणगुणत होते, आणि रोजच्या भुकेनं विचारत होते, "आज काय आहे?" तिने सांगितलं, "पुऱ्या." मग बाथरूमचं दार लावून ती बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

त्या भागात आषाढाला आखाड म्हणतात. श्रावण लागायच्या आत एक दिवस घरभर तळण काढायचं, गुळाच्या कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि माहेरवाशिणीला बोलावून पोटभर खाऊ घालायचं. याला म्हणायचं आखाड तळणं. सरांची धाकटी बहीण सुरेखा फलटणहून दर वर्षी यायची. यंदा ती ओवीला, म्हणजे तिच्या वीस वर्षांच्या मुलीलाही घेऊन येणार होती, आणि वैजयंतीची झोप उडाली होती.

ओवीला लहानपणापासूनचा मधुमेह. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नसे. कमरेला पंप असे आणि चष्म्याच्या दांडीत बारीकसा कॅमेरा. इन्सुलिनला काम सुरू करायला वेळ लागतो, आणि कापण्यांसारखं गोड भराभर रक्तात उतरतं. म्हणून घास पोटात जायच्या आधीच पंपाला इन्सुलिन सोडावं लागतं, आणि त्यासाठी ताटात काय आहे ते कळावं लागतं. चष्मा ताट बघायचा, पदार्थ ओळखायचा, पंप हिशोब करून इन्सुलिन सोडायचा. लाखो ताटांची चित्रं पाहून तो इतका तयार झाला होता की कापणी आणि शंकरपाळी यांतला फरकही त्याला कळे. साखर घसरू लागली तर तो पुढचं इन्सुलिन थांबवी. पण एकदा आत सोडलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही. ते कोणत्याच पंपाला जमत नाही.

वैजयंतीला हे सगळं माहीत होतं. म्हणून तिने दुकानातून खरी कणीक आणि खरा गूळ आणला, पाहुण्यांपुरताच, घरात उरून नवऱ्याच्या तोंडी जाऊ नये म्हणून अगदी मापून. दोन वेगळे घाणे काढले. पाहुण्यांच्या कापण्या स्टीलच्या डब्यात, घरच्या पितळी डब्यात. सगळं जागच्या जागी ठेवून ती पुऱ्यांचं पीठ मळायला बसली.

"वहिनी, लिफ्टपर्यंत वास येतोय हो!" सुरेखाचा आवाज आला.

हात धुऊन वैजयंती बाहेर येते तो सरांनी मोठी परात काढली होती. पाहुण्यांचा डबा त्यांनी परातीत पालथा केला होता आणि त्यावर पितळी डबा रिकामा करून वरच्या कापण्या हाताने सारख्या करत होते.

"अहो, हे काय केलंत?"

"माहेरवाशिणीचं ताट भरलेलं दिसायला नको? दुकानासारखे डबे काय मांडतेस!"

परातीत कापण्यांचा डोंगर झाला होता. एकही कापणी दुसरीहून वेगळी दिसत नव्हती. वेगळी दिसू नये म्हणून तर दोन वर्षं सगळा खटाटोप केला होता.

"मामी, मी आज काही मोजणार-बिजणार नाही हां," म्हणत ओवीनं परातीकडे पाहिलं, दहा कापण्या खाणार म्हणून चष्म्यापुढे दहा बोटं धरली, आणि तिच्या कमरेला पंप बारीक वाजला.

"ओवी, थांब जरा! गरम पुऱ्या आणते, आधी त्या..."

"त्या पण खाते की!" ओवीच्या तोंडात दुसरी कापणी होती.

मापून आणलेली खरी कणीक कापण्यांतच संपली होती; पुऱ्यांचं पीठ पेटीतलंच होतं. वैजयंतीनं मनाशी हिशोब घातला. थोड्या खऱ्या कापण्या जातील पोटात. पंप हुशार आहे, सांभाळून घेईल. माणूस अडकला की यंत्रावर भलताच विश्वास टाकतो. ती पुऱ्या लाटत राहिली आणि दर दोन पुऱ्यांमागे दारातून ओवीच्या दंडावरच्या टिकलीकडे बघत राहिली. शहाण्णव. एक्क्याऐंशी. सत्तर.

पंपानं शिट्टी दिली तेव्हा ओवीच्या कपाळावर घाम होता.

"आई, हात थरथरतायत गं."

"अगं, एवढं खाऊन?" सुरेखानं पर्स उपडी केली. पूर्वी तिच्यात ग्लुकोजच्या गोळ्या आणि नाकात मारायचा औषधाचा फवारा असायचा. पंप घेतल्यापासून तीन वर्षांत त्यांची गरज पडली नव्हती, आणि न लागणाऱ्या वस्तू हळूहळू घरीच राहिल्या होत्या. "वहिनी, सरबत करा पटकन! साखर चांगली चार चमचे घाला."

सरांनीच साखरेचा डबा काढून वैजयंतीच्या हातात दिला.

तो क्षण वैजयंतीला जन्मभर पुरणार होता. डबा हातात होता, आत काय आहे ते तिला माहीत होतं, आणि सर हातभर अंतरावर उभे होते. तिने चार चमचे घातले. लिंबू पिळलं. ढवळलं. "दूधही द्या तिला," एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि दुधाचा पेला तिने सरबताशेजारी ठेवला. ओवीनं सरबत संपवलं. दुधाचे दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं.

अठ्ठावन्न. एक्कावन्न.

"चढत कशी नाही? कमाल आहे!" सुरेखानं पर्स पुन्हा उपडी केली. सरांनी चमचाभर साखर थेट ओवीच्या तोंडात घातली. "चघळ बाळ, चघळ." ओवी काहीतरी म्हणाली, पण शब्द एकमेकांत अडकत होते. तिची मान खुर्चीच्या पाठीवरून कलली. सर दुसरा चमचा भरत होते.

"नका देऊ!" वैजयंती ओरडली. "त्यात साखर नाही!"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"कशातच नाही. साखरेत नाही, गुळात नाही, पिठात नाही. स्वयंपाकघरात कुठेच नाही. वन्सं, अँब्युलन्सला फोन करा!"

हे बोलताना ती धावली होती ती देवघराकडे. घरातल्या सगळ्यांना फसवलं होतं, पण रोज सकाळी देवापुढे ठेवायच्या वाटीत खोटी साखर घालायचा धीर तिला झाला नव्हता. देव्हाऱ्यामागे खऱ्या साखरेची अर्धा किलोची पिशवी होती. तिने ती दातांनी फाडली, ओल्या बोटांवर साखर घेतली आणि ओवीच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळली. पुन्हा घेतली, पुन्हा चोळली. परातीत तळाशी खऱ्या कापण्या पडल्या होत्या, पण ओवीला आता चावता येत नव्हतं.

सेहेचाळीस. सेहेचाळीस. सत्तेचाळीस.

ओवीनं गिळलं. मग पाण्यात कालवलेली साखर तिला चमच्या-चमच्यानं पाजता आली. अँब्युलन्स आली तेव्हा आकडा एकसष्ट होता आणि ती रडत होती, आणि ते रडणं ऐकून वैजयंती तिथेच फरशीवर बसली.

संध्याकाळपर्यंत ओवी हॉस्पिटलच्या खाटेवर उठून बसली, फोन मागू लागली. जीव वाचला होता. सुरेखा वैजयंतीला बाहेरच्या बाकापाशी घेऊन गेली. ती ओरडली नाही.

"वहिनी, दादासाठी केलंत, ते समजलं मला. पण ते सरबत तुम्ही तुमच्या हातानं ढवळलंत."

सुरेखा दुसऱ्या दिवशी परस्पर हॉस्पिटलमधूनच फलटणला गेली.

सर तीन दिवस बोलले नाहीत. स्वतः अंडी उकडायचे, काकडी कापायचे आणि गॅलरीत बसून खायचे. फिरायला गेले नाहीत. वैजयंती त्यांच्यामागे घरभर अपराध्यासारखी वावरत होती. पण मनाच्या तळाशी तिला एक सुटकाही वाटत होती आणि त्या सुटकेची लाज वाटत होती. आता काही लपवायचं नव्हतं. पेटी उघड्यावर होती. रागावतील, बोलतील, आणि कधीतरी शांत होतील. मग बंगळूरचं तिकीट काढायचं. नातवाला मांडीवर घ्यायचं. तिने बॅगही माळ्यावरून खाली काढून ठेवली.

चौथ्या दिवशी दुपारी सर स्वयंपाकघरात आले आणि पेटीसमोर उभे राहिले.

"म्हणजे माझ्या चालण्यानं काहीच झालं नाही?"

"असं कसं? थोडं झालंच असेल की."

"किती?"

सर पेटीच्या काचेवरून बोट फिरवत राहिले.

"रविवारी आपल्या चालण्याच्या मंडळाला भज्यांना बोलावलंय मी. महिन्यापूर्वीच सांगून ठेवलंय. भणगेही येतोय."

"मग बरंच झालं. सांगून टाकू या त्यांना. तुम्ही नका बोलू, मी सांगते. चूक माझी आहे, मीच सांगते. पेटी दाखवते. भणगे भावजींना तरी कळायला हवं हो, त्यांचा पाय..."

"वैजू."

आवाज इतका खाली होता की ती थांबली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा तो आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता.

"अडतीस वर्षं पोरं माझ्या शिट्टीवर धावली. आता ही सात म्हातारी धावतात. त्यांना मी काय सांगू? की बायको मला फसवून खाऊ घालत होती आणि मी पायरीवर उभा राहून भाषण ठोकत होतो? सुरेखाला मी सांगितलंय, घरातलं घरात ठेव. तूही ठेव."

"पण खोटं ताटात नको, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," सर म्हणाले. "रविवारी भजी कर. पेटीतल्या पिठाची."

ते बाहेर गेले. वैजयंतीला वाटलं, दोन वर्षं ती आतून कडी लावून बसली होती, आणि आता दार उघडायला गेली तर बाहेरूनही कडी लागली होती. तिला राग आला. नवऱ्याचा आला, त्याहून स्वतःचा आला. कारण मान खाली घालून उभ्या असलेल्या त्या माणसाला हे खोटं तिनेच शिकवलं होतं. बॅग तिने परत माळ्यावर टाकली.

रविवारी सात जण आले. भणगे सगळ्यात शेवटी, काठी टेकत, पायात एक बूट नेहमीचा आणि एक डॉक्टरांनी दिलेला, रुंद तोंडाचा. त्यांना बसायला जड जात होतं. सरांनी उठून स्वतः त्यांच्या पाठीशी उशी ठेवली.

भजी आली. वाफ निघत होती. कुणीतरी विचारलं, "सर, आकडा?" सरांनी बाही वर केली. एकशे बारा. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर हसले, पण स्वयंपाकघराच्या दाराकडे त्यांनी पाहिलं नाही. वैजयंती दारात झारा घेऊन उभी होती. ती मनात म्हणत होती, आता सांगतील. इतकी वर्षं ज्या माणसाला खोटं सहन झालं नाही, तो भणग्यांचा हा पाय बघून गप्प बसणार नाही. आता सांगतील.

"वैनी," भणग्यांनी तिला हाक मारली. "एक इचारू का? रागावू नगा."

"विचारा की भावजी."

"आमच्या हिच्या हातची भजी खाल्ली की माझी शुगर पार वर जाती. आन् तुमच्या हातची खाल्ली की हाय तिथंच ऱ्हाती. तीनदा बघितलं मी. तिला म्हनलं, तुझ्या हातातच काय तरी खोट हाय. रडती बिचारी. म्हनली, मग त्यांनाच इचारून या." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, पेन काढलं. "तेवढी रीत सांगा. लिहून न्हेतो."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "हाताचा गुण असतो, भणगे!"

वैजयंतीनं सरांकडे पाहिलं. आता तरी. सरांच्या हातात चहाची कपबशी होती. ती त्यांनी न पिताच खाली ठेवली. त्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे, दोन वर्षांपूर्वी ते नाड्या न बांधता बसले होते, त्या सकाळचे होते, आणि ते तिला विनवत होते.

"हाताचाच गुण," सर म्हणाले.

भणगे पेन धरून थांबले होते.

"दोन वाट्या बेसन," वैजयंती म्हणाली. आपलाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "कांदा उभा चिरायचा. मीठ लावून थोडा वेळ ठेवायचा, त्याचं पाणी सुटतं. वरून पाणी घालायचं नाही."

"पानी न्हाई," भणगे लिहीत म्हणाले.

"हळद, तिखट, ओवा हातावर चोळून. चमचाभर कडकडीत तेल."

"त्याल. बरं. आनि?"

तिच्या जिभेवर वाक्य तयार होतं. चार-पाच शब्दांचं होतं. ते बोललं की भणग्यांचा पाय वाचणार होता, त्यांच्या बायकोचा हात निर्दोष ठरणार होता, आणि समोरचा तिचा माणूस सात जणांसमोर उघडा पडणार होता. तिने तोंड उघडलं.

"आनि काय घालायचं, वैनी?"

"काही नाही, भावजी," ती म्हणाली. "एवढंच."

भणग्यांनी शेवटची ओळ लिहिली, कागदाची घडी घातली आणि तो जपून वरच्या खिशात ठेवला.